वेचणीची वही आणि दोन श्रेयांक

प्रति,
माननीय कुलगुरू,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव.

विषय : विद्यार्थ्यांचे फील्ड प्रोजेक्ट, वाचन आणि सेवाकार्य यांची सांगड घालण्याबाबत.



सत्र संपायला आले की जळगाव-धुळ्यातल्या कॉलेजांबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत स्पायरल बाइंडिंगच्या यंत्राला उसंत नसते. पारदर्शक कव्हरातल्या पातळ फायली काउंटरवर एकावर एक चढत जातात. पहिल्या पानावर कॉलेजचे बोधचिन्ह, दुसऱ्यावर प्रमाणपत्र, तिसऱ्यावर ऋणनिर्देश. मग 'प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे', मग दहा-पंधरा घरांच्या पाहणीचे तक्ते आणि शेवटी फोटो. फोटोखाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ; हे सगळे मोबाइलमधले अ‍ॅप आपोआप छापते. मागच्या वर्षीच्या दोन-चार फायली दुकानाच्या संगणकात असतातच. "ताई, उद्दिष्टं तीच ठेवू ना?" असे दुकानदार विचारतो, आणि ताई मान डोलावते, कारण सात वाजताची एस.टी. चुकली तर पुढची गाडी कधी येईल याचा भरवसा नाही.

या फायलींना आता गुण आहेत. राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा ठरवून दिला. स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आणि संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. त्यात दुसऱ्या वर्षाला फील्ड प्रोजेक्टचे दोन श्रेयांक आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे दोन श्रेयांक आहेत, तिसऱ्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंगचे चार. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एका श्रेयांकाला तीस तास धरले तर दोन श्रेयांकांचे साठ तास होतात. कागदावर कल्पना उत्तम आहे. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडावे, गावात जावे, माणसांशी बोलावे, यात चूक काढावी असे काही नाही. प्रश्न एवढाच, की साठ तासांनंतर ती फाईल कुठे जाते. विभागाच्या कपाटात जाते, तपासणी समिती येऊन गेली की माळ्यावर जाते. ज्या गावाची माहिती तिच्यात आहे त्या गावात मात्र ती कधीच जात नाही.

ज्या मुलीसाठी हे सगळे चालले आहे तिचा दिवस एकदा पाहायला हवा. आपल्या विद्यापीठाच्या पट्ट्यात 'अपडाऊन' हा शब्द उच्चशिक्षणाचाच भाग आहे. कुणी धरणगाव-अमळनेरकडून भुसावळ-सुरत मार्गाच्या गाडीने येते, कुणी चाळीसगाव-धुळे गाडीने, बहुतेक जणी एस.टी.ने. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट होता. कॉलेजात आल्यावर सवलत उरते, पण भाड्याचा तिसरा हिस्सा खिशातून जातो. सकाळचे कॉलेज, दुपारी घर. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की दुपार शेतात. वेचणी किलोवर असते. संध्याकाळी बांधावर काटा टांगला जातो, गाठोडे लटकते, आणि घरात शिकलेली तीच म्हणून वही तिच्या हातात. वेचणाऱ्या बाईचे नाव, तारीख, किलो, उचल किती, बाकी किती. बाया अंगठा देत नाहीत, सहीही करत नाहीत; तिने लिहिले म्हणजे बरोबर, एवढ्यावर व्यवहार चालतो.

त्या वहीत एका गावाच्या कापसाच्या हंगामाचा अख्खा अर्थव्यवहार असतो. पहिल्या वेचणीला एका बाईचे किती किलो भरतात, तिसऱ्या वेचणीला किती उरतात, कोणत्या आठवड्यात मजूर मिळाले नाहीत, बोंडअळीच्या वर्षी आकडे कसे कोसळले, सगळे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली हीच मुलगी फील्ड प्रोजेक्टसाठी मात्र 'ग्रामीण भागातील मोबाइल वापराचा अभ्यास' असा विषय घेते आणि शेजारच्या पंधरा जणांकडून फॉर्म भरून घेते. तिला कुणी सांगितलेच नाही, की घरी दिवळीत ठेवलेली ती वही हाच अभ्यास आहे.

हे सांगायला दुसरे कुठले विद्यापीठ लागू नये. आपल्या विद्यापीठाला ते शोभले असते. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, हे भाषणांत वारंवार येते. त्याची दुसरी बाजू भाषणांत फारशी येत नाही. शेतात, घरात, जात्यावर त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी जमेल तसे टिपून ठेवत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. ते हस्तलिखित सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तरी मराठी साहित्यात त्यांचे सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर आईचे शब्द कागदावर उतरवणे हेच सांगावे लागेल.

धुळ्यातही हेच घडले आहे, आणि तेही तुरुंगात. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा तिथल्या कैद्यांपुढे गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. श्रोत्यांत अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडून सत्याग्रहात उतरलेला एक शिक्षक होता आणि तो भराभर लिहून घेत होता. साने गुरुजींचा हात त्या रविवारांना चालला नसता तर 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालेच नसते. ही सवय अमळनेरातली. १९२४ ते १९३० या काळात शाळा शिकवता शिकवता गुरुजी तिथले छात्रालय सांभाळत, मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत, आणि १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. मुलांच्या खोल्या झाडणे आणि मुलांसाठी रोज चार पाने लिहिणे ही त्यांच्या लेखी दोन वेगळी खाती नव्हती. आज राष्ट्रीय सेवा योजना एका विभागात, मराठीचा अभ्यासक्रम दुसऱ्या इमारतीत आणि ग्रंथालय तिसरीकडे, अशी आपली व्यवस्था आहे.

त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. गावोगावची दप्तरे पालथी घालून त्यांनी जमवलेले कागद सांभाळण्यासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी हस्तलिखिते मिळवण्यात हयात घालवली. तो संग्रह समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. या यादीत एक साहेबही बसतो. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींचा खंड १९०७ मध्ये निघाला. बोलीचा नमुना म्हणून त्या सर्वेक्षणात बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत सांगून घेतलेली आहे. परक्या गोष्टीसाठी का होईना, कुणीतरी खानदेशी माणसाला 'बोल, मी लिहितो' असे म्हटले होते.

आज असे म्हणणारा कोण आहे? २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत. आपल्या वर्गांत बसलेल्यांपैकी कित्येकांची घरची बोली अहिराणी आहे, यावल-रावेरकडची मुले लेवा बोली बोलतात, साक्री-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातल्या मुलांच्या बोली आणखी वेगळ्या. फाटकातून आत आल्यावर ही मुले 'प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे' लिहायला लागतात. आजी ज्या शब्दांत पेरणीची गोष्ट सांगते ते शब्द फायलीत येईपर्यंत 'कृषी क्षेत्रातील पारंपरिक पद्धती' झालेले असतात.

वाचनाची कथाही फार निराळी नाही. जळगावला वल्लभदास वालजी वाचनालय आहे, धुळ्याला गरुड वाचनालय आहे. दोन्ही शहरांच्या किमान चार पिढ्या त्यांवर वाढल्या. सध्या मात्र दोन्ही शहरांत जागा मिळत नाही ती अभ्यासिकांमध्ये. महिन्याची फी, एक खुर्ची, एक प्लग, डोक्यावर पंखा आणि पुढ्यात स्वतःचा ठोकळा. स्पर्धा परीक्षेचा हा ठोकळा मुले तीन-तीनदा वाचतात, अधोरेखित करतात, पाठ करतात. तेव्हा 'पोरं वाचत नाहीत' ही तक्रार निदान अर्धी खोटी आहे. पोरे दिवसाला आठ-आठ तास वाचतात. त्यांच्या वाचनात त्यांचे स्वतःचे गाव कुठे येत नाही, हा खरा मुद्दा आहे. ठोकळ्यात तापी खोऱ्याला चार ओळी, केळीला दोन.

आणि जे पुस्तक अगदी त्यांचे आहे त्याचे आपण काय करतो? भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ च्या 'कोसला'त पांडुरंग सांगवीकर नावाचा खानदेशी मुलगा पुण्याच्या कॉलेजात जातो. मेस, होस्टेल, गॅदरिंग, परीक्षा, सगळ्यांतून हात पोळून गावी परततो. आजच्या प्रत्येक अपडाऊन करणाऱ्या मुलाने ते रात्रीतून वाचून काढावे असे ते आहे. अभ्यासक्रमात आले की त्याचे 'कोसलामधील अस्तित्ववाद : टीप लिहा' होते, आणि टीप क्वेश्चन बँकेतून येते. फैजपूरच्या मुलाला आपल्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, हे ठाऊक असते. त्या अधिवेशनात राबलेल्या स्वयंसेवकांपैकी कुणाची नातवंडे गावात आहेत का, हे विचारायला त्याला कुणी धाडत नाही.

आता सेवाकार्याकडे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठे होती आणि ४० हजार विद्यार्थी. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. या शिबिरांची चेष्टा करणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर झोपलेल्या, पहिल्यांदा परक्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायलेल्या मुलींना त्या सात दिवसांनी जे दिले ते वर्गात मिळत नाही. अडचण वेळापत्रकात आहे, आणि ती एका बंधाऱ्यावरून नीट दिसते.

शिबिरातले आवडते काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या जमवायच्या, त्यांत माती-वाळू भरून तोंडे बांधायची, ओढ्याच्या पात्रात सांधेमोड करत थर चढवायचे आणि फटींत माती लिंपायची. चाळीस मुले एका दिवसात चांगला बंधारा उभा करतात. पण हा बंधारा पाऊस ओसरताना, ओढा वाहता असताना बांधायचा असतो, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. शिबिरे होतात पहिल्या सत्राची परीक्षा आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. तोवर खानदेशातले कितीतरी ओढे कोरडे पडलेले असतात. मुले कोरड्या पात्रात घाम गाळून गोण्या रचतात, फोटो निघतो, उद्घाटन होते, आणि जूनच्या पहिल्या लोंढ्यात गोण्या जातात. मधल्या काळात तिथे एक थेंब अडलेला नसतो. गावातल्या म्हाताऱ्यांना हे पहिल्या दिवशीच कळते. ते बोलत नाहीत, कारण पाहुण्या पोरांचे मन कशाला मोडा.

याउलट जे टिकले ते पाहावे. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पुढे बारीपाडा आहे. चैत्राम पवार एम.कॉम. करून तिथे परतले आणि नव्वदच्या दशकापासून गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळत चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी जंगलाचे कौतुक केले, ते योग्यच. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र तिथली वनभाजी स्पर्धा अधिक बोलकी आहे. २००४ मध्ये बाहेरून अभ्यासाला आलेल्या एका संशोधकाच्या पुढाकारातून ती सुरू झाली. बाया रानातल्या भाज्या शिजवून मांडतात, प्रत्येकीच्या ताटापुढे भाजीचे नाव, कोणता भाग खायचा, कसा शिजवायचा, कशावर गुणकारी. संशोधकाला माहिती मिळाली, आणि गावाला दरवर्षी भरणारा एक सोहळा मिळाला, ज्यात ती माहिती सासूकडून सुनेकडे जाते. फील्ड प्रोजेक्ट असा असतो.

पारोळा तालुक्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्र मानसशास्त्रात एम.ए. झाल्या, पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांच्या हाताखाली शिकल्या आणि परत गावीच आल्या. बायांचे बचत गट, गोधड्या, शेतीकर्ज असे काम वाढत गेले. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकरांनी गावाला बरोबर घेऊन माळावर चराईबंदी केली आणि गवत परत आणले. या तिन्ही ठिकाणी आपल्या कॉलेजांच्या सहली जातात. मुले पाहतात, भारावतात, सेल्फी काढतात आणि संध्याकाळच्या आत परततात. एकाच गावी चार वर्षे लागोपाठ जाऊन दरवर्षी तेच मोजणारी तुकडी दिसायला हवी, ती दिसत नाही.

या पत्राची मागणी म्हणून साधी आहे. एका कॉलेजने एक गाव किमान पाच वर्षे धरावे. प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीची वही वाचूनच सुरुवात करावी आणि आपली नोंद तिच्याच पुढे जोडावी. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा गावच्या वाचनालयात, दुसरी कॉलेजच्या ग्रंथालयात, दाखलअंक घालून, म्हणजे ती पुस्तकासारखी मागता आली पाहिजे. मूल्यमापन प्राध्यापकांच्या केबिनमध्ये न करता गावातच जाहीर वाचून करावे. 'ए पोरी, आमच्या विहिरीला तेवढं पाणी नव्हतं' असे कुणी उठून म्हटले तर ती खरी तोंडी परीक्षा. बोलणाऱ्याचे शब्द त्याच्या बोलीत लिहावेत, आणि त्याची हरकत नसेल तर नावही लिहावे. सोपानदेवांनी आईचे नाव पुस्तकावर घातले होते.

काय लिहायचे, याला तोटा नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पाणी किती खोल गेले हे भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा मोजते. त्याच गावातले दहा विद्यार्थी आपापल्या घरच्या विहिरीत दर पंधरवड्याला दोरी सोडू शकतात. दोरी, दगड, टेप, वही. खर्च शून्य. केळी, कापूस, दादर ज्वारी यांच्या पेरण्या-कापण्यांच्या तारखा, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले कोणत्या महिन्यात शाळेतून गळतात, अहिराणी लग्नगीतांतले ज्यांचे अर्थ आता फक्त साठीपुढच्या बायांना लागतात असे शब्द, आणि वर सांगितलेली वेचणीची वही. घरी शेतात राबणाऱ्या मुलीला सेवेचे तास वेगळे काढायला लावण्यापेक्षा तिच्या त्या नोंदींनाच दोन श्रेयांक द्यावेत. मात्र हिशेब नीट तपासलेला असावा, आणि त्याआधी १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधला कापसाविषयीचा मजकूर तिने वाचलेला असावा. योगायोग असा, की ते गॅझेटियर छापले गेले त्याच वर्षी असोद्यात बहिणाबाई जन्मल्या.

आक्षेप येतील, आणि ते खरे असतील. अनेक कॉलेजांत निम्मे विभाग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. जूनमध्ये नेमणूक होईल की नाही हे ज्याला माहीत नाही त्याने पाच वर्षांचे गाव कसे धरावे? म्हणूनच वही माणसाकडे न ठेवता ग्रंथालयात ठेवायची. दुसरा आक्षेप नक्कल होण्याचा. ती आजही होते, फक्त स्पायरल बाइंडिंग करून होते. गावात उभे राहून दुसऱ्याची वही वाचणे त्यामानाने अवघड आहे. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: कर्ज, आजार, जात यांच्या नोंदी गावभर वाचल्या तर माणसे दुखावतील. त्यासाठी काय लिहायचे नाही, याची यादी आधी करावी लागेल आणि ती यादी गावाने करावी, कॉलेजने नव्हे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या आवारात ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, आणि त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही. अशा मांडवात बिल्ला लावलेली मुले पाणी देतात, गाड्या लावतात, पाहुण्यांना व्यासपीठापर्यंत नेतात. त्यांतल्या दहा जणांच्या हातात त्या वेळी वही असती, तर बोलीतल्या कवितांचे जे सादरीकरण मांडवातच विरून जाते त्यातले थोडे तरी आज वाचायला मिळाले असते.

जळगावचे १५ आणि धुळ्याचे ४, असे १९ तालुके होतात. प्रत्येक तालुक्यातून एक कॉलेज, एक गाव, एवढ्यावर प्रयोग सुरू करता येईल. त्यासाठी नवा निधी लागत नाही, विद्वत परिषदेचा एक ठराव आणि सेवा योजनेच्या शिबिराची तारीख पुढेमागे करण्याची कॉलेजांना मुभा लागते. तो विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. पावसाळा सरण्याआधी मुभा मिळाली, तर यंदाच्या गोण्या ओढ्यात पाणी असतानाच रचता येतील.

कळावे.

आपल्या विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी